नातीचे उष्टावण

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत मुलीचे उष्टावण पाचव्या-सातव्या महिन्यात, मुलाचे सहाव्या-आठव्यात करण्याची रीत. नातीच्या वेळी वडीलधाऱ्यांनी पाचवा सुचवला; आम्ही सातव्यावर अडून बसलो. रुसवेफुगवे झालेच. सहा महिने पुरे होईपर्यंत केवळ आईचे दूध, वरचे पाणीही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून सांगत आली आहे. सातवा लागला की सहा पुरे होतात, रीतही राहते. पालकहो, त्यापुढे मात्र लांबवू नका. नुसत्या दुधातून लोह पुरत नाही. नातीची मान सावरली होती, आधाराने बसत होती, आमच्या ताटाकडे झेपावत होती. मामाने चांदीच्या वाटीतली खीर बोटभर चाटवली. (मध ठेवलाच नाही, वर्षाच्या आत तो नको.) दुसऱ्या दिवसापासून मऊ वरण-भात, दोन-तीन चमचे. पहिला घास तिने थुंकला, दुसरा गिळला.