खारी बावली ते रत्नागिरी : दिल्लीच्या घरातलं रॉ चॉकलेट

दिल्लीत एप्रिल लागला की चॉकलेट विकत घेताना आधी घराचं अंतर मोजावं लागतं. दुकानातून घरी पोहोचेपर्यंत ते वडी राहील की चटणी होईल, याची खात्री नसते. अशा शहरात, तेही नोएडातल्या दोन खोल्यांच्या घरात, मी घरीच चॉकलेट करायचं ठरवलं. कारण होते बाबा.

फेब्रुवारीत बाबांना मधुमेह निघाला. तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी रत्नागिरीहून दिल्लीला आलेला हा माणूस इथली जिलबी, रबडी, गाजराचा हलवा सगळं आपलंसं करून बसला होता. ते एकदम बंद झालं. रात्री जेवण झालं की बाबा फ्रिज उघडायचे, आत बघायचे आणि पाण्याची बाटली घेऊन परत यायचे. मला ते बघवेना. मोबाइलवर रॉ चॉकलेटचे व्हिडिओ दिसले. साखर नाही, मैदा नाही, गॅस नाही. खजूर, सुकामेवा आणि कोको. मला वाटलं, सापडला उपाय!

बाजार आहे की महासागर?

एका शनिवारी बाबांना घेऊन निघाले. खारी बावलीला जायचं तर रविवार टाळा, त्या दिवशी बाजार बंद असतो. नोएडाहून ब्लू लाइनने राजीव चौक, तिथून यलो लाइनने तिसरं स्टेशन चांदणी चौक. बाहेर पडून फतेहपुरी मशिदीच्या दिशेने चालत सुटायचं. २०२१ मध्ये नव्याने बांधून काढलेल्या चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे लहान मुलं बरोबर असली तरी जरा निवांत चालता येतं. रस्त्याच्या टोकाला शहाजहानच्या बेगमेने १६५० मध्ये बांधवलेली लाल दगडाची मशीद दिसते. तिच्या बाजूने वळलं की खारी बावली सुरू.

नाव खाऱ्या पाण्याच्या विहिरीचं, पण ती विहीर आता दिसत नाही. दिसतात ती पोती. हळद, धणे, सुंठ, वेलची, मखाणे आणि डोंगरासारखी रचलेली लाल मिरची. मिरचीच्या गल्लीत शिरताच सगळ्यांना एकदम ठसका लागतो. बाबा खोकत खोकत हसले, "आपल्याकडे मसाल्याच्या डंकावर असंच व्हायचं." हमाल डोक्यावर पोतं घेऊन ओरडत येतात, तेव्हा बाजूला सरकायचं, वाद घालायचा नाही.

सुक्या मेव्याच्या दुकानांत बदाम, अक्रोड, काळे मनुके, मऊ खजूर सगळं मिळालं. खारीक मात्र मागून मिळेना. शेवटी बाबांनी हिंदीत "छुहारा" म्हटलं आणि दुकानदाराने तीन प्रकार समोर ठेवले. भाव विचारताना तो किलोचा की पाव किलोचा हे आधी विचारून घ्या. आणि चव घेतल्याशिवाय अक्रोड घेऊ नका, खवट निघाले तर सगळी मेहनत वाया जाते.

कोकोच्या दुकानात माझी फजिती झाली. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "रॉ कोको है?" काकांनी चष्म्यावरून बघितलं. "बेटी, कोको तो भुना हुआ ही आता है."

काकांचं बरोबरच होतं. कोकोच्या शेंगेतल्या बिया आधी पाच-सात दिवस आंबवतात, मग वाळवतात आणि साधारणपणे १२० ते १४० अंशांवर भाजतात. नेहमीची कोको पावडर अशा भाजलेल्या बियांची. 'रॉ' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीत भाजण्याची पायरी गाळलेली असते. ती मला ऑनलाइन मागवावी लागली. गंमत म्हणजे आंबवताना ढिगाच्या आतलं तापमान आपोआप ५० अंशांपर्यंत जातं. म्हणजे 'कच्चा' कोकोही तसा उन्हापावसातून गेलेलाच असतो!

पहिला घाणा

पहिले लाडू झकास झाले. बिया काढलेला २०० ग्रॅम खजूर, १०० ग्रॅम बदाम, ३० ग्रॅम कोको, वेलची आणि चिमूटभर मीठ. मिक्सरमध्ये फिरवायचं, वळायचं, संपलं. वीस लाडू झाले. आई म्हणाली, "चुलीजवळ न जाता लाडू? आमच्या वेळी असं असतं तर!"

दुसरा प्रकार होता पातळ चॉकलेटच्या वड्यांचा. कोको बटर वितळवून त्यात कोको आणि मध घातला, ताटलीत पसरून फ्रिजमध्ये ठेवला. रविवारी तो डबा घेऊन फरिदाबादला मावशीकडे गेलो. पोहोचून झाकण उघडलं तर आत तपकिरी आमटी. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळतं. पण त्या दिवशी बाहेर ४१ होतं. मावशीच्या मुलांनी ती आमटी पोळीला लावून खाल्ली, तेवढीच अब्रू वाचली.

खरा धक्का मात्र लाडवांनीच दिला. चार-पाच दिवसांनी बाबांनी जेवणानंतर दोन तासांनी घरच्या मशीनवर साखर तपासली. एरवी १६०-१७० च्या घरात असणारा आकडा २४० च्या पुढे. आईने औषधाच्या गोळ्या मोजल्या, त्या बरोबर होत्या. मग मी फ्रिजमधला डबा उघडला. सकाळी त्यात अकरा लाडू होते, आता चारच उरले होते.

"साखर नाही ना त्यात?" बाबा म्हणाले. "तूच तर सांगितलंस."

हो, मीच सांगितलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. १०० ग्रॅम खजुरात ६० ग्रॅमहून जास्त साखर असते. ती फळातली असते, तिच्याबरोबर तंतू असतात, हे खरं. पण शरीराच्या हिशेबात ती साखरच. माझ्या एका लाडवात १० ग्रॅम खजूर होता, म्हणजे सहा-साडेसहा ग्रॅम साखर, सव्वा ते दीड चमचा. बाबांनी सात लाडवांतून नऊ-दहा चमचे साखर खाल्ली होती, आणि तीही औषध समजून. 'साखर घातली नाही' आणि 'साखर नाही' या दोन वाक्यांतला फरक मी माझ्याच वडिलांना सांगितला नव्हता.

मंगला एक्सप्रेस आणि भिरंडेल

मी चॉकलेटचा नाद सोडणार होते. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीहून आत्या आली. मंगला एक्सप्रेसने, हजरत निजामुद्दीनला. ही गाडी केरळमधल्या एर्नाकुलमहून निघते. केरळमध्ये नारळ-सुपारीच्या बागांत, त्यांच्या सावलीत कोकोची झाडं वाढतात. पुढे गाडी कोकण रेल्वेवरून कोकमाच्या मुलखातून येते. माझ्या डब्यातलं अर्धं सामान एकाच गाडीच्या वाटेवरचं आहे, हे तेव्हा लक्षात आलं.

आत्याच्या पिशवीत आमसुलं, कुळीथ पीठ आणि फडक्यात बांधलेले पांढुरके गोळे होते. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. बियांचा गर कुटून पाण्यात उकळतात, वर आलेलं तेल काढून घेतात आणि ते थिजलं की गोळे वळतात. आम्हाला ते माहीत होतं टाचांच्या भेगांसाठी. आत्याला मी वितळलेल्या वड्यांची कहाणी सांगितली तर ती म्हणाली, "अगो, मग ह्यात थोडं भिरंडेल घाल की. आमच्याकडे मे महिन्यातसुद्धा हे घट्ट असतं."

मी शोधलं आणि थक्क झाले. कोकमाचं तेल ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि कोको बटरमध्ये छान मिसळतं. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमात कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पतींच्या चरबीला ५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे, त्यांत आपलं कोकम आहे! माझ्या घरच्या वड्यांत प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे, पण मला काही युरोपात विकायच्या नाहीत.

आता आमच्या घरी असं करतो

वड्यांसाठी : ६० ग्रॅम कोको बटर, २० ग्रॅम भिरंडेल, ५० ग्रॅम कोको, ४० ग्रॅम खारकेची बारीक पूड, चिमूटभर मीठ. गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून दोन्ही तेलं वितळवा. भांड्याचा तळ पाण्याला लागू देऊ नका, आणि मिश्रण बोटाला सोसेल इतकंच गरम होऊ द्या. मग कोको आणि पूड चाळून घाला. पाण्याचा एक थेंबही नको, नाहीतर चॉकलेट घट्ट होऊन फाटतं. म्हणूनच ओल्या खजुराऐवजी खारकेची कोरडी पूड. ती जिभेला किंचित रवाळ लागते, आम्हाला ते आवडतं. बटर पेपरवर पसरून वर बदामाचे काप टाका आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. नंतर वडीवर पांढुरके डाग दिसले तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती बुरशी नसते, वर आलेलं बटर असतं. भिरंडेल मात्र खाण्याचं, ताजं आणि खवट वास नसलेलंच घ्या. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातलं नको.

बाबांच्या लाडवांसाठी : ८० ग्रॅम खजूर, १५० ग्रॅम बदाम-अक्रोड, ४० ग्रॅम कोको, दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस. वीस लहान लाडू. एका लाडवात खजुराची साखर आता अडीच ग्रॅमच्या आसपास येते. ते थोडे कडसर लागतात. दिवसाला एक, जेवणात तेवढी कपात करून, हे आम्ही डॉक्टरांना विचारून ठरवलं आहे. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर तुम्हीही विचारूनच ठरवा.

आणखी एक गोष्ट. भाजल्यामुळे कोकोतले जंतू मरतात, न भाजलेल्या कोकोत ते राहू शकतात. म्हणून गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारी माणसांसाठी खारी बावलीच्या काकांचा भाजलेला कोकोच बरा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. लहानग्यांना अख्खे बदाम नकोत, घशात अडकतात. आणि घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा, कोको त्याला बाधतो.

भाजलेला कोको, उकळून काढलेलं भिरंडेल. मग याला 'रॉ' म्हणायचं का, असं मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "कच्चं म्हण नाहीतर पक्कं म्हण. किती खायचं ते आधी सांग म्हणजे झालं."

आता डब्याच्या झाकणावर मी चिठ्ठी चिकटवली आहे : 'दिवसाला एक.' जुलैमध्ये बाबांबरोबर पुन्हा खारी बावलीला गेले, तेव्हा पर्समध्ये सहा वड्या होत्या. मेट्रोतून उतरून, गर्दीतून, उकाड्यातून मशिदीपर्यंत गेलो. समोर रबडीचं दुकान होतं. बाबा दोन मिनिटं तिथे थांबले. मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला.

वडी कडेला जरा मऊ झाली होती, पण वडीच होती. बाबांनी तिचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला.