भिवंडी ते अकलोली : एका उर्दू वर्गाची सहल

परकी भाषा शिकायची तर परदेशी जावे, असे आपण मानतो. स्पॅनिश शिकू पाहणारे तरुण सालामांकाला जातात, तेथील एखाद्या कुटुंबात राहतात आणि सुटीच्या दिवशी सहाध्यायांबरोबर जवळच्या गावी सहलीस निघतात. वर्गात घोकलेला शब्द त्या दिवशी बाजारात, बसमध्ये, खाणावळीत प्रथमच कामी येतो. वाचकहो, हा लाभ घेण्यासाठी पारपत्र हवेच असे नाही. भिवंडीकरांना तो पलीकडच्या गल्लीतही मिळू शकतो.

२०११ च्या जनगणनेनुसार ७ लाखांहून अधिक वस्ती असलेल्या या यंत्रमागांच्या शहरात मराठी आहे, कोकणी मुसलमानांची घरगुती बोली आहे, उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू आहे आणि पद्मानगरातील पद्मशाली विणकरांची तेलुगूही आहे. दवाखान्यात कामचलाऊ हिंदीवर औषध लिहून देता येते. पण दुखणे नेमके समजून घ्यायला तेवढी हिंदी पुरत नाही. ‘घबराहट’ हा शब्द घ्या. मराठी कानाला तो केवळ घाबरणे वाटतो. रुग्ण मात्र त्यातून छातीतली धडधड, गुदमरणे, अस्वस्थता किंवा नुसती चिंताही सांगत असतो. पन्नाशीचा पुरुष घाम पुसत ‘घबराहट हो रही है’ म्हणाला, तर त्याला धीर देऊन घरी पाठवायचे नसते. तातडीने हृदयाचा आलेख काढायचा असतो.

म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी उर्दूच्या सायंवर्गात नाव घातले. आम्ही नऊ विद्यार्थी : त्यांत एक परिचारिका, एक निवृत्त शिक्षिका, एक बँक अधिकारी, एक कापड व्यापारी. शिकवणारे उस्ताद उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. उजवीकडून डावीकडे वाचायचे, आणि ‘ज़’ या एका उच्चारासाठी चार अक्षरे लक्षात ठेवायची! ‘ज़ख़्म’मधला ‘ज़’ वेगळा, ‘मरीज़’मधला वेगळा. मात्र ज्या ‘दवाखाना’ या शब्दाखाली माझी हयात गेली, तो अरबी ‘दवा’ आणि फारसी ‘खाना’ यांच्या जोडणीतून आला आहे, हे कळल्यावर ही भाषा परकी वाटेनाशी झाली.

माघातल्या एका रविवारी उस्तादांनी सहल ठरवली. अट एकच : दिवसभर उर्दूतच बोलायचे. सकाळी आम्ही बाजारपेठेतून चालत निघालो. दुकानांच्या पाट्या वाचत जायचे आणि ज्याला पाटी वाचता येईल त्यानेच पुढचे पाऊल टाकायचे, असा खेळ होता. यंत्रमागाच्या गाळ्यांजवळ पोचताच बोलणे थांबले. ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात रोज आठ तास काढणाऱ्याच्या श्रवणशक्तीला धोका असतो. तेथील कामगार ओठांकडे पाहत, हातांच्या खुणांनी एकमेकांशी बोलत होते. अशा माणसाशी दवाखान्यात मान खाली घालून, लिहिता लिहिता बोलू नये. समोर पाहून सावकाश बोलावे, ही गोष्ट वर्गातल्या सर्वांना तेथे न सांगता उमगली.

पुढे वाडा रस्त्याने अंबाडी नाका आणि तेथून वज्रेश्वरी. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर केलेला नवस फेडण्यासाठी हे मंदिर बांधले गेले. निवृत्त शिक्षिकेने हा इतिहास अडखळत उर्दूत सांगितला. ‘नवस’ शब्दापाशी त्या थबकल्या, तेव्हा उस्तादांनी ‘मन्नत’ हा शब्द पुरवला. पायऱ्या उतरताना आमच्यापैकी प्रत्येकाने तो एकदा तरी वापरून पाहिला.

दुपारी तानसा नदीकाठच्या अकलोलीच्या गरम कुंडांपाशी पोचलो. गंधकाचा वास, वाफ, गुडघे शेकत बसलेली माणसे. एक वृद्ध विणकर सर्वांत कढत कुंडाच्या काठी चपला काढत होते. त्यांनी शेजाऱ्याला सहज सांगितले, “पैर सुन्न रहते हैं, गर्मी मालूम ही नहीं होती।” ‘सुन्न’ हा शब्द त्याच आठवड्याच्या आमच्या यादीत होता. परिचारिकेने तत्काळ त्यांचा हात धरला आणि अदबीने विचारले, “चचा, आपको शक्कर की बीमारी है?” ती होती, बारा वर्षांपासून. बधिर पाय त्या पाण्यात गेले असते, तर फोड येईपर्यंत त्यांना काही कळले नसते. ते कोमट कुंडाकडे वळले आणि निघताना त्यांनी आम्हा सर्वांना चहा पाजला.

म्हणून वाचकहो, गरम कुंडांवर जाणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. मधुमेहींनी पाण्याची ऊब स्वतःच्या पायाने न तपासता दुसऱ्याच्या कोपराने तपासून घ्यावी. दहा मिनिटांहून अधिक बसू नये. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरतो; त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधार धरून सावकाश उठावे. गर्भवती, हृदयविकाराचे रुग्ण आणि उघडी जखम असलेले यांनी उतरूच नये. डोके पाण्याखाली नेऊ नये : अशा पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूत शिरण्याचा प्रकार अत्यंत दुर्मीळ, पण प्राणघातक असतो.

भाषा शिकल्याने स्मृती टिकते का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला. निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. अर्थात ही माणसे वर्षानुवर्षे दोन भाषांत वावरलेली होती. उतारवयातल्या वर्गाने तेवढाच लाभ होईल, असे यावरून म्हणता येणार नाही. पण नव्या माणसांची सोबत, चालणे, आठवण्याचा सराव आणि हसणे हे त्या रविवारी आम्हा नऊ जणांना एकाच वेळी मिळाले, आणि यांतली एकही गोष्ट प्रकृतीस अपायकारक नाही.

आपल्या गल्लीत, इमारतीत, कामाच्या ठिकाणी जी दुसरी भाषा रोज कानी पडते, तिच्यापासून आरंभ करा. आधी शरीराचे दहा शब्द शिका : डोके, छाती, श्वास, बधिरपणा, चक्कर. मग ती भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्याबरोबर एक दिवस बाहेर पडा. आमचा वर्ग पुढच्या महिन्यात लोनाडची लेणी पाहायला जाणार आहे. अट तीच राहील.