पाकीट शिवताना

चामड्याची वस्तू घरात असणे निराळे आणि चामडे घरात असणे निराळे. कमरेचा पट्टा, मुलीची पर्स, घड्याळाचा पट्टा यांबद्दल कुणाची तक्रार नसते. पण हातभर कातड्याची सुरनळी बगलेत मारून घरात शिरा, म्हणजे आपले घर किती आधुनिक आहे ते कळते! आमच्या आत्याबाईंनी नाकाला पदर लावला आणि सौभाग्यवतींनी, "हे सारे गच्चीवर," एवढेच सांगितले. नोकरीतून मोकळा झाल्यावर माणसे बागकाम करतात, होमिओपॅथी शिकतात. मला चामड्याचे पाकीट शिवावेसे वाटले, त्याला कोण काय करणार?

आम्ही धरमतरचे. एके काळी मुंबईहून लाँचने येऊन इथे उतरायचे आणि पुढे मोटारीने पेण किंवा अलिबाग गाठायचे, असा प्रघात होता. आता खाडीवर पूल आहे, धक्क्याला कोळशाची नि खनिजाची बार्जे लागतात, आणि आम्हांला उरले आहेत खारे वारे. या वाऱ्यात दोनच गोष्टी भराभर वाढतात, लोखंडावर गंज आणि चामड्यावर बुरशी. पावसाळ्यात कपाटातला जोडा बाहेर काढावा तर त्यावर पांढरी लव आलेली. म्हणून पहिला धडा पाकीट शिवण्याआधीचाच: चामडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. कापडात गुंडाळावे, मधून मधून सावलीत वारा द्यावा. उन्हात टाकले तर ते तडकते.

माझे गुरू पेणच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीशी बसतात. सारे गाव त्यांना मामा म्हणते, मीही म्हणतो. "मला शिकवाल का?" म्हटले, तेव्हा त्यांनी हातातली रापी खाली न ठेवता माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"कशाला? पाकिटं दुकानात मिळतात."

"हौस आहे."

"हं. तुम्ही केलंत तर हौस. माझ्या पोरानं केलं असतं तर त्याला सोयरीक आली नसती."

त्यांचा मुलगा पनवेलला नोकरी करतो आणि बाप काय करतो ते तिथे कुणाला सांगत नाही. हे मामांनी अगदी सरळ सांगितले, आणि मग शिकवायला सुरुवात केली. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र माझा.

आता प्रत्यक्ष काम. मुंबईत धारावीला चामड्याची दुकाने आहेत. तिथे उरलेले तुकडे वजनावर मिळतात. मागताना सालीने कमावलेले मागावे. चामडे दोन तऱ्हांनी कमावतात. एक बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी. कोल्हापुरी चपलांचे चामडे ते हेच. दुसरी तऱ्हा क्रोमियमच्या क्षारांनी. ते मऊ नि रंगीत असते, परंतु त्याची कड घासून गुळगुळीत होत नाही. नवशिक्याला पहिलेच बरे. जाडी दीड मिलिमीटरच्या आत असावी.

पाकिटाच्या आधी कार्डे ठेवण्याचे घर करावे. बँकेचे कार्ड ८६ मिलिमीटर लांब आणि ५४ रुंद असते. तेव्हा १०० बाय ७५ चे दोन तुकडे पुरतात. माप आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर कापून पाहावे. (लग्नपत्रिकांचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.) खूण पेनाने करू नये, शाई जात नाही, आरीच्या टोकाने ओरखडा काढावा. कापताना पोलादी पट्टी घट्ट दाबून सुरी तीन-चार वेळा हलकी फिरवावी. एका दमात कापायला जाणारा बोट कापतो.

पैशाचे पाकीट करायचे झाले तर वडिलांच्या पाकिटाचे माप घेऊ नका. जुनी हजाराची नोट १७७ मिलिमीटर लांब होती. २०१६ नंतरची पाचशेची १५० च आहे. जुन्या मापाच्या पाकिटात ती थोरल्या भावाच्या सदऱ्यातल्या धाकट्यासारखी दिसते.

दोन्ही तुकड्यांच्या तीन कडांना आतून चपलेचे सोल्यूशन लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे, मग दाबायचे. कडेपासून तीन मिलिमीटर आत रेघ ओढून तिच्यावर भोकांच्या खुणा करायच्या. स्वयंपाकघरातला काटा यासाठी नामी. शेवटचा दात आधीच्या खुणेत ठेवून पुढे सरकावे, म्हणजे अंतरे सारखी येतात. आमच्याकडचे सहा काटे आता पाच आहेत.

शिवणीत मात्र खरी गंमत आहे. तीन बाजू मिळून पंचवीस सेंटिमीटर होतात. दोरा त्याच्या चौपट, म्हणजे मीटरभर घ्यावा आणि मधमाशांच्या मेणावरून ओढावा. दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्यायचा. मग प्रत्येक भोकातून एक सुई पुढून आणि दुसरी मागून, त्याच भोकातून. आणि दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढायचे. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सैल होऊ लागतात. इथे एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी दोन-तीन टाके मागे यावे नि दोरा कापावा. कड काचकागदाने घासून, किंचित ओली करून जाड सुती कापडाने रगडली की काचेसारखी होते.

आत्याबाईंचा विरोध काही ओसरेना. एकदा त्यांच्या भजनी मंडळाचा मृदंग आला, तेव्हा मी हळूच विचारले, "आत्या, याची पुडी कशाची?" त्या म्हणाल्या, "ते देवाचं." यावर काय बोलणार? पेणला गणपतीच्या कारखान्यात मातीत हात घालणाऱ्याला आपण कलावंत म्हणतो. कातड्यात हात घालणाऱ्याला काय म्हणतो ते मामांना विचारावे.

कोकणाला हा प्रश्न नवा नाही. कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम काढला, आणि मेलेल्या जनावरांचे कातडे सोडवण्याचे काम उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या या माणसाने स्वतः केले. त्यांच्यापुढे माझे गच्चीवरचे पाकीट म्हणजे लुटुपुटीचा खेळ, हे मला कळते. तरी मामांचे बोलणे माझ्या मनातून जात नाही. मी शिवलेले पाकीट पाहुणे हातात घेऊन "वा!" म्हणतात, आणि तेच पाहुणे पेणला उतरल्यावर मामांपुढे चप्पल पायानेच सरकवतात.

दसऱ्याला मी आत्याबाईंसाठी चष्म्याचे घर शिवले. त्यांनी ते घेतले. ठेवतात खिडकीत, देवघरापासून दूर. मामांना दाखवले तेव्हा त्यांनी टाके मोजल्यासारखे अंगठ्याने चाचपले आणि म्हणाले, "पोराला दाखवतो, दिवाळीला येणार आहे." ते मी त्यांच्यापाशी चार दिवस ठेवले आहे. आत्याबाई दोनदा विचारून गेल्या.

पुतण्याने आता घड्याळाचा पट्टा सांगितला आहे. त्याला बक्कल लागते, आणि ते बसवायचे कसे हे मामांनी अजून शिकवलेले नाही.