फाइलींच्या कपाटातली वाळवी



मागच्या वर्षी श्रावणात ऑफिसचं मागचं कपाट उघडलं आणि पाहते तर खालचे दोन कप्पे वाळवीने पोखरलेले. सांगलीत आमचं टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे, अण्णांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेलं. दुसऱ्याच दिवशी औषध मारणाऱ्याला बोलावलं. बोलावलं मीच.

चातुर्मास चालू होता. घरात पालेभाजी बंद, पाणी गाळून घ्यायचं, आणि इथे तीन इंद्रियांच्या असंख्य जीवांवर माझ्याच सांगण्यावरून औषध पडलं. संध्याकाळी सामायिकाला बसले, पण मन लागेना. एकच विचार येत होता, की वाळवी आपणहून आली नव्हती, आम्ही तिचं घर बांधून ठेवलं होतं.

आम्हाला महिन्याला 6 रीम कागद लागायचा. एका रीममध्ये 500 पानं, वजन साधारण अडीच किलो. म्हणजे महिन्याला 15 किलो! रिटर्न, पोचपावती, नोटीस सगळं पोर्टलवर असतं, तरी आम्ही दोन-दोन प्रती काढायचो. आपल्या श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. प्रयोजन नसताना होणारी हिंसा ती हीच, असं मला वाटलं.

अण्णांना सांगितलं तर ते गप्पच झाले. मग म्हणाले, "अगं, कागद हातात असला की माणसाला धीर असतो. चाळीस वर्षं मी हेच जपलंय." पुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

माझ्या हातूनही चूक झाली. मी गुपचूप स्कॅन करायला सुरुवात केली, पण सगळं एकाच कॉम्प्युटरवर. तो बंद पडला आणि पंधरा दिवसांचं काम गेलं. अण्णांनी काही न बोलता मूळ कागद काढून दिले. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवते, आणि खरेदीखतासारखे मूळ दस्त कधीच काढून टाकत नाही.

श्रुतपंचमीला अण्णा आणि मी मंदिरातल्या ग्रंथांना नवीन वेष्टनं बांधत होतो. धरसेनाचार्यांकडून पुष्पदंत-भूतबली मुनींना मिळालेलं ज्ञान आधी मुखोद्गत होतं, मग ते षट्खंडागमात लिहिलं गेलं. मूडबिद्रीत त्याच्या ताडपत्रांच्या पोथ्या जपल्या गेल्या आणि विसाव्या शतकात ते कागदावर छापलं गेलं. मी म्हटलं, "अण्णा, ज्ञान तेच राहिलं, पान बदलत गेलं." अण्णा हसले. "आणि आपल्या कपाटात ज्ञान किती, रद्दी किती?"

पुढच्या रविवारी ते स्वतः निवडायला बसले. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावे लागतात, पण ते कॉम्प्युटरवरही चालतात. मुदत संपलेलं बाजूला काढलं. पॅन, आधार असलेले कागद रद्दीत तसेच न देता बारीक कापले. पाठकोऱ्या पानांच्या वह्या शिवल्या. आता महिन्याला 2 रीम पुरतात.

पण मैत्रिणींनो, कॉम्प्युटरलाही वीज लागते, आणि तिथेही परिग्रह साचतो. एकाच फाइलीच्या दहा प्रती मीच करून ठेवल्या होत्या. म्हणून दर चतुर्दशीला अर्धा तास नको ते पुसून टाकते.

यंदा श्रावणात अण्णांनी आपणहून ते कपाट उघडलं. रिकाम्या, कोरड्या कप्प्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "यंदा कोणाला बोलवायला नको."

तुमच्याही दुकानात, ऑफिसात असं एखादं कपाट असेल. पाऊस सुरू होण्याआधी एकदा उघडून बघा.