पांढरं जाणं: दर वेळी आजारच असतो का?

"डॉक्टर, अंगावरून पांढरं जातंय." हे वाक्य दवाखान्यात रोज कानावर पडतं, तेही बहुतेकदा आवाज खाली करून. सोबत कंबरदुखी, अशक्तपणा आणि 'हाडं झिजतात म्हणे' ही भीती असते. तपासल्यावर मात्र अनेकदा आजार सापडतच नाही.

निरोगी योनीमार्गातही असंख्य जिवाणू राहतात. त्यांतले मुख्य म्हणजे लॅक्टोबॅसिलस, दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद. डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं आणि त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होतं. म्हणून तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि रोगजंतूंना टिकाव धरणं अवघड जातं. पाळीत रक्तामुळे ही आम्लता कमी होते. पाळी संपली की घडी पुन्हा बसते.

पण आम्लात शुक्रजंतूही फार टिकत नाहीत. मग दिवस कसे राहतात? स्त्रीबीज सुटण्याआधी काही दिवस गर्भाशयाच्या मुखातून पातळ, पारदर्शक, बोटांत ताणला तर तार येणारा स्राव येतो. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा. तो शुक्रजंतूंना आम्लापासून वाचवतो, वाट देतो. त्यात ते ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. स्त्रीबीज मात्र १२ ते २४ तासच. म्हणजे महिन्यातले साधारण ६ दिवसच गर्भधारणेचे: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे ५. नंतर स्राव घट्ट, चिकट आणि कमी होतो.

लग्नाला दोन वर्षं झालेली एक मुलगी दर महिन्याला औषधाच्या दुकानातून बुरशीवरच्या गोळ्या आणायची. पाळीनंतर काही दिवसांनी पांढरं सुरू झालं, की गोळ्या ठेवायची आणि आठवडाभर नवऱ्यापासून दूर राहायची. खाज नाही, वास नाही. घरात सगळे 'गोड बातमी'ची वाट पाहत होते. तिला तारखा लिहून आणायला सांगितल्या. वहीत स्पष्ट दिसलं, की दिवस राहण्याची शक्यता असलेले नेमके दिवस ती दर महिन्याला टाळत होती. गोळ्या बंद केल्या आणि नवऱ्याची वीर्यतपासणीही करायला सांगितली. मूल होणं ही काही एकट्या बाईची परीक्षा नाही.

मोबाइलमधलं अ‍ॅप फक्त तारखांवरून हिशोब करत असेल, तर तो अंदाजच असतो. स्त्रीबीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं. २८ दिवसांच्या चक्रात तो १४वा दिवस येतो, ३५ दिवसांच्या चक्रात २१वा. म्हणून तारखेसोबत स्रावाचीही नोंद ठेवा. सकाळचं तापमान बीज सुटल्यानंतरच किंचित वाढतं, त्यामुळे त्याचा उपयोग मागाहून खात्री करण्यापुरता. जंतुसंसर्ग असेल किंवा योनीत औषध ठेवलं असेल, तर स्रावावरून अंदाज बांधू नका. आणि मूल नको असेल, तर केवळ या अंदाजावर विसंबू नका.

आतून धुण्यासाठी साबण, डेटॉल, सुगंधी वॉश काहीही वापरू नका. आतली स्वच्छता जिवाणू राखतात. बाहेरून साधं पाणी पुरे.

मात्र खाज, जळजळ, फुटलेल्या दह्यासारखा स्राव, माशासारखा वास, करडा-हिरवट रंग, मध्येच रक्त, ताप किंवा ओटीपोटात दुखणं, यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना दाखवा. प्रयत्न करूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा वय ३५ च्या पुढे असून सहा महिने झाले, तर दोघांनीही तपासणी करून घ्या. येताना तारखांची वही जरूर आणा आणि काय होतंय ते मोकळेपणानं सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.