सण कोणत्या तारखेचा?

आमच्या घरात दोन राफाएल आहेत. एक माझा धाकटा काका, वसईतच वाढलेला, आता सत्तरी ओलांडलेला. दुसरा माझ्या भावाचा मुलगा, इंग्लंडमध्ये जन्मलेला. दोघांच्या नावाचा देवदूत एकच, पण काकाचा सण आम्ही 29 सप्टेंबरला करतो आणि पुतण्याचा 24 ऑक्टोबरला. वयाने मोठा तो नव्या पंचांगाचा, लहान तो जुन्या. भाऊ तिकडे लॅटिन मिस्सेला जातो आणि त्याच्या घरी 1962 च्या मिसालाप्रमाणे सण पाळतात. काकाने धर्मग्रामाबरोबर तारीख बदलली, त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली. आता भावाला मुलगी झाली आहे, तिचं नाव मोनिका ठेवायचं ठरलंय आणि प्रश्न पुन्हा आमच्या पुढ्यात आला आहे: तिचा सण 4 मेला करायचा की 27 ऑगस्टला?

हा घोळ आमच्याच घरचा नाही. 14 फेब्रुवारी 1969 रोजी पोप पॉल सहावे यांनी रोमन पंचांगाच्या फेररचनेला मान्यता दिली आणि 1 जानेवारी 1970 पासून नवं पंचांग लागू झालं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच सांगून ठेवलं होतं की संतांचे सण ख्रिस्ताच्या तारणकार्याच्या सणांवर कुरघोडी करू नयेत. म्हणून संतांची गर्दी कमी झाली, प्रायश्चित्तकाळात येणारे कित्येक सण बाहेर काढले गेले, आणि शक्य तिथे संताच्या मृत्यूचा दिवस, म्हणजे त्याचा स्वर्गातला जन्मदिवस, निवडला गेला. संत ख्रिस्तोफर सर्वसाधारण पंचांगातून गेला आणि गावोगाव अफवा पसरली की तो संतच राहिला नाही. तसं काही नव्हतं. त्याची भक्ती करायला कुणीच मनाई केली नव्हती, आणि गाडीत त्याचं पदक लावणाऱ्यांनी ते काढलंही नाही.

आजोबांचं नाव थॉमस. त्यांच्या वेळी संत थॉमसचा सण 21 डिसेंबरला यायचा, नाताळच्या ऐन धांदलीत. करंज्या तळायला घेतलेल्या असत, अंगणात सुकत घातलेले तांदूळ असत, घरभर पिठाचा वास असे. आजोबा सकाळी मिस्सेला जाऊन येत आणि आजी पहिल्या घाण्यातली करंजी त्यांच्या हातावर ठेवी. बाकीच्या करंज्या डब्यात जात आणि नाताळपर्यंत कुणी त्या डब्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. मग सण 3 जुलैला गेला. भर पावसात, भातलावणी चालू असताना. माणूस चिखलात पोटरीभर उभा, त्याला सण कसला सुचणार? आजीला ते अखेरपर्यंत पटलं नाही. दोन्ही तारखांना ती आजोबांसाठी माळ म्हणायची.

तरीही, सगळा विचार करता, 3 जुलै ही तारीख मला अधिक जवळची वाटते. केरळातले सिरियन परंपरेचे ख्रिस्ती थॉमसची आठवण 3 जुलैलाच करत आले आहेत. दुक्राना म्हणतात ते त्या दिवसाला. ज्या प्रेषिताने भारतात सुवार्ता आणली आणि मैलापूरला रक्त सांडलं असं आपण परंपरेने मानतो, त्याचा सण भारतातल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती समाजाबरोबर एकाच दिवशी करायला मिळावा, यात काही गमावलं असं मला वाटत नाही. रोमने इथे पूर्वेकडून घेतलं.

भावाशी माझा वाद इथेच होतो. जुनं ते खरं, असं तो धरून चालतो. पण जुनं म्हणजे किती जुनं? राफाएलचा 24 ऑक्टोबर आणि गॅब्रिएलचा 24 मार्च हे सण सर्वसाधारण पंचांगात आले ते 1921 मध्ये. ख्रिस्तराजाचा सण पोप पायस अकरावे यांनी 1925 मध्ये सुरू केला. कामगार संत योसेफचा 1 मे तर 1955 चा. पंचांग कायम बदलत आलं आहे. 1582 मध्ये तर 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर उजाडला होता; आव्हिलाची संत तेरेसा नेमकी त्याच रात्री वारली, म्हणून तिचा सण 15 ऑक्टोबरला येतो. ज्या पंचांगाला भाऊ अचल मानतो, त्यातली कित्येक पानं आमच्या पणजोबांना नवीच वाटली असती.

मात्र त्याचं एक म्हणणं मी मनापासून मान्य करतो. सोयीसाठी सण हलवला की त्याचं बळ जातं. स्वर्गारोहणाचा गुरुवार म्हणजे पुनरुत्थानापासूनचा चाळिसावा दिवस; तो रविवारवर ढकलला की चाळीस दिवस मोजत राहण्याचं कारणच उरत नाही. तीन राजांचा सण 6 जानेवारीचा, तोही आपल्याकडे रविवारी येतो. अर्थासाठी तारीख बदलणं वेगळं आणि लोकांना सुट्टी नाही म्हणून बदलणं वेगळं. या दुसऱ्या बदलांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. गोव्यातली गावं याबाबतीत खमकी निघाली. कासावलीच्या परिसरातल्या तीन गावांतून तीन मुलं राजांचा पोशाख करून घोड्यांवर बसतात आणि वेगवेगळ्या वाटांनी कुएलीच्या टेकडीवरच्या चॅपेलकडे येतात. रेइश मागुश आणि चांदोर इथेही तीन राजांचा सण थाटात होतो. वार कुठलाही असो, सहा म्हणजे सहा. वाजंत्री वाजते, टेकडी माणसांनी भरते, कामाला जाणारा त्या दिवशी कामाला जात नाही. गावाने ठरवलं की तारीख टिकते.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण सण एकट्याने होत नाही. त्याला वेदी लागते, शेजारी लागतो, दारात येऊन शुभेच्छा देणारा लागतो. भाऊ ज्या लोकांबरोबर प्रार्थना करतो ते सगळे 24 ऑक्टोबर पाळतात, म्हणून त्याच्या मुलाने तोच पाळावा. काका वसईत 29 सप्टेंबरला मायकल आणि गॅब्रिएल नावाच्या शेजाऱ्यांबरोबर एकत्र मिस्सेला बसतो, तेही योग्यच. एकाच घरात दोन तारखा आल्या म्हणून श्रद्धा दुभंगत नाही. दुभंगते ती तारीख दुसऱ्याला कमी लेखायला वापरली की, आणि ते आमच्या घरात मी होऊ देणार नाही.

मोनिकाचा निर्णय त्यामानाने सोपा होता. मोनिका ही ऑगस्टिनची आई; वर्षानुवर्षं मुलासाठी रडत प्रार्थना केलेली. नव्या पंचांगात तिचा दिवस 27 ऑगस्ट आणि लगेच दुसऱ्या दिवशी, 28 ला, ऑगस्टिनचा. माझ्या भावाचं नावही ऑगस्टिन. 28 ऑगस्ट जुन्या पंचांगातही त्याचाच आहे, तो काही हललेला नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की लेकीचा सण आणि तुझा सण पाठोपाठ येऊ दे. तो फोनवर बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने 27 ऑगस्ट मान्य केला.

मग मीही त्याच्याकडे एक मागणी केली. गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा. इथे जन्मला, जपानला गेला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मेला. पोप पायस नववे यांनी 1862 मध्ये या सर्वांना संत म्हणून घोषित केलं, तरी 1962 च्या सर्वसाधारण रोमन पंचांगात त्यांना जागा नव्हती. ती 1969 च्या फेररचनेने दिली, पॉल मिकी आणि सोबत्यांच्या नावाने, 6 फेब्रुवारीला. 5 तारीख संत आगाथाची असल्यामुळे एक दिवस पुढे. आज जगभरच्या चर्चमध्ये त्या दिवशी वसईच्या मुलाची आठवण होते. नव्या पंचांगाविषयी माझ्या मनात जी कृतज्ञता आहे ती मुख्यतः यासाठी. आणि भाऊ ज्या मिसालातून आपल्या मुलांना संतांची ओळख करून देतो, त्याच्या पंचांगात त्यांच्या स्वतःच्या मातीतला संत नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं की तुझ्या घरी गोन्सालोचा सण व्हायलाच हवा. त्याने तारीख विचारली. जपानमधले ख्रिस्ती 5 फेब्रुवारी पाळतात, तो ज्या दिवशी मेला तोच दिवस, तेव्हा तुला ती जवळची वाटेल असं मी म्हणालो. यंदा त्या संध्याकाळी तो मुलांना गोन्सालोची गोष्ट सांगणार आहे, आजीच्या पद्धतीच्या करंज्या करणार आहे, त्यासाठी खोबरं किती आणि गूळ किती हे माझ्या बायकोने त्याला लिहून पाठवलंय. आम्ही इथे दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सेला जाऊ.