वाटाड्या हवाच

गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीत कयाक घालायची तर सोबत तिथला वाटाड्या हवाच, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. मांडवी इथे नदी कमी, खाडी जास्त. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीला सहज आत घेणारा ओहोळ ओहोटीला नुसता चिखल होतो. भरतीच्या वेळा मोबाइलवर मिळतात, हे खरं; पण कुठला ओहोळ आधी आटतो, ते तिथे लिहिलेलं नसतं. शिवाय बघायलाही शिकावं लागतं. तिवरांच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांमध्ये पुढच्या परांवर सरकणारा निवटा मासा अगदी मातीच्या रंगाचा; नवख्याला तो दिसतच नाही.

कुणी म्हणेल, मग एकांत कुठला? आक्षेप खोटा नाही. दहा-बारा कयाकांचा घोळका आणि अखंड बडबड, त्यापेक्षा काठावर बसलेलं बरं. पण तो दोष गर्दीचा, वाटाड्याचा नव्हे. १९८८ साली घोषित झालेलं इथलं सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत पक्ष्यांपासून किती लांब राहायचं, हे जाणत्याकडूनच कळतं. तेव्हा जाणार असाल तर लहान गटातच जा, आणि वाटाड्या थांबा म्हणाला की वल्हं थांबवा.